दोन्ही बाजूंचे चेहरे: चित्रकार जॉन सिंगलटन कॉप्ली

बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात एक व्यक्तिचित्र आहे. गुळगुळीत टेबलामागे तिशीतला एक माणूस बसला आहे. अंगात कोट नाही, डोक्यावर त्या काळच्या रिवाजाचा केसांचा टोप नाही. पांढऱ्या सदऱ्याच्या सैल बाह्या, एका हातात चांदीची चहाची किटली, दुसरा हात हनुवटीला. समोर कोरीव कामाची हत्यारे पडली आहेत. हा पॉल रिव्हिअर, चांदीची भांडी घडवणारा कारागीर. १८ एप्रिल १७७५ च्या रात्री घोड्यावरून दौडत ‘इंग्रज फौज निघाली आहे’ ही वार्ता गावोगाव पोहोचवणारा म्हणून अमेरिकेतले शाळकरी मूलही त्याला ओळखते.

येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात दुसरे एक चित्र आहे. लाल कोटातला सेनापती, थंड आणि आत्मविश्वासाने भरलेली नजर, मागे फौजेच्या हालचाली. हा जनरल थॉमस गेज, उत्तर अमेरिकेतील ब्रिटिश सैन्याचा सरसेनापती. त्या रात्री जी फौज निघाली, ती याच्याच हुकमाने.

ही दोन्ही चित्रे एकाच हातची आहेत आणि दोन्ही १७६८ च्या आसपासची. दोघेही एकाच चित्रकारासमोर बसले, दोघांनीही त्याला मोबदला दिला आणि त्या चित्रकाराने दोघांकडेही सारख्याच बारकाईने पाहिले. त्याचे नाव जॉन सिंगलटन कॉप्ली. अमेरिका हे राष्ट्र जन्माला येण्यापूर्वीचा तिथला सर्वांत मोठा चित्रकार. राष्ट्र जन्माला येत असताना मात्र तो तिथून निघून गेला आणि पुन्हा कधीच परतला नाही.

कॉप्लीचा जन्म १७३८ चा, बोस्टनचा. आईवडील आयर्लंडमधून आलेले. वडील लवकर गेले. आई मेरी ही बंदरातल्या ‘लाँग वार्फ’ या लांबलचक धक्क्यावर तंबाखूचे दुकान चालवत असे. १७४८ साली तिने पीटर पेलम या कोरीव चित्रकाराशी दुसरे लग्न केले आणि दहा वर्षांच्या मुलाच्या घरात तांब्याचे पत्रे, शाई, छापयंत्र आणि लंडनहून आलेली छापील चित्रे आली. तीन वर्षांत पेलमही वारला. मागे उरली कोरण्याची हत्यारे, सावत्र भाऊ हेन्री आणि सगळ्यांचे पोट भरण्याची जबाबदारी.

चित्रकलेची शाळा नावाची गोष्ट तेव्हा साऱ्या वसाहतींत नव्हती. सार्वजनिक चित्रसंग्रह नव्हता. युरोपातल्या थोर चित्रकाराचे एखादे मूळ चित्र पाहायला मिळणेही जवळजवळ अशक्य. जॉन स्मायबर्ट या स्कॉटिश चित्रकाराने इटलीतून करून आणलेल्या काही नकला बोस्टनमध्ये होत्या, तेवढाच काय तो आधार. बाकी सारे शिक्षण छापील चित्रांवरून. या चित्रांत रंग नसतो, म्हणजे मुलाने रंगाची कला काळ्यापांढऱ्या कागदावरून कल्पनेने शिकायची! इंग्लंडमधल्या सरदारपत्नींच्या छापचित्रांतली बसण्याची ढब, मागचा पडदा, प्रसंगी अख्खा पोशाखही कॉप्लीने उचलला आणि त्यावर बोस्टनच्या व्यापाऱ्यांच्या बायकांचे चेहरे बसवले. गिऱ्हाइकांना त्यात काही वावगे वाटत नसे. त्यांना सरदारांसारखे दिसायचेच होते.

चेहरा मात्र उसना घेता येत नाही, आणि तिथे कॉप्ली कोणालाच सवलत देत नसे. त्याची पद्धत अतिशय संथ होती. एकेका चित्रासाठी पंधरा-सोळा बैठका, एकेक बैठक सहा-सहा तासांची, अशा आठवणी समोर बसणाऱ्यांनी सांगितल्या आहेत. रंग कालवण्याच्या पातीवर मिश्रण घेऊन ती पाती तो प्रत्यक्ष चेहऱ्याजवळ धरी, त्वचेशी ताडून पाही आणि मगच कॅनव्हासला लावी. म्हणून त्याच्या चित्रांतल्या म्हाताऱ्या बायकांच्या हनुवटीखालची सैल कातडी, व्यापाऱ्यांच्या गालावरचे व्रण, मखमलीवरची चमक आणि महोगनीच्या टेबलात पडलेली बोटांची प्रतिबिंबे आजही समोर असल्यासारखी वाटतात. बोस्टन सोडेपर्यंत त्याने साडेतीनशेच्या आसपास व्यक्तिचित्रे केली. त्या गावाची वस्ती तेव्हा पंधरा-सोळा हजारांची. म्हणजे गावातले प्रतिष्ठित म्हणावे असे घराणे त्याच्या नजरेतून क्वचितच सुटले असेल.

पैसाही आला. १७६८ च्या सुमारास वर्षाला तीनशे गिनी मिळत असल्याचे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे आणि बोस्टनमधल्या तीनशे म्हणजे लंडनमधल्या नऊशे, असा हिशेबही मांडला आहे. तरीही एक सल कायम होता. इथले लोक चित्रकलेला सुतारकाम, शिंपीकाम किंवा चांभारकाम यांसारखा एक उपयोगी धंदा समजतात, अशी तक्रार त्याच्या पत्रांत येते. या तक्रारीत कारागिरांविषयीचा तुच्छभावही आहेच. गंमत अशी, की एका कारागिराला त्याच्या कामाच्या कपड्यांत, हत्यारांसह आणि पूर्ण सन्मानाने रंगवणारे रिव्हिअरचे चित्र याच माणसाचे आहे.

आपण नक्की किती पाण्यात आहोत, हे जाणून घेण्यासाठी कॉप्लीने १७६५ मध्ये एक धाडस केले. भाऊ हेन्रीचे एक चित्र त्याने कोणाच्याही मागणीविना रंगवले: टेबलाशी बसलेला मुलगा, हातात सोन्याची बारीक साखळी आणि साखळीला बांधलेली छोटी उडती खार. एका ओळखीच्या जहाज कप्तानाबरोबर ते लंडनला रवाना झाले आणि १७६६ च्या प्रदर्शनात लागले. जोशुआ रेनॉल्ड्स हा तेव्हाच्या इंग्लंडमधला अव्वल चित्रकार. त्याचा अभिप्राय आला, की चित्र विलक्षण आहे; पण या तरुणाने लवकर युरोपात यावे, बोस्टनच्या कोंदट वातावरणात हात बिघडण्यापूर्वी. पेनसिल्व्हेनियात जन्मलेला आणि लंडनमध्ये स्थिरावलेला बेंजामिन वेस्ट यानेही लिहिले, की रेषा फार कडक आहेत, पण तू ये.

कॉप्ली गेला नाही. आई होती, भाऊ होता, चालता धंदा होता. पुढची आठ वर्षे ‘जावे की न जावे’ यात गेली. आणि त्याच आठ वर्षांत बोस्टन पेटत गेले.

१७६७ मध्ये ब्रिटिश संसदेने वसाहतींत येणाऱ्या काच, शिसे, कागद, चहा आणि रंग यांवर कर बसवला. रंग म्हणजे चित्रकाराचा कच्चा माल. कर थेट त्याच्या पॅलेटपर्यंत आला होता. गावात बहिष्काराच्या शपथा सुरू झाल्या. गव्हर्नर फ्रान्सिस बर्नार्ड याचे कॉप्लीने केलेले चित्र हार्वर्डच्या सभागृहात टांगलेले होते. कोणीतरी रात्री येऊन त्यातला हृदयाचा भाग कापून नेला. चित्र दुरुस्तीला कॉप्लीकडेच आले. त्याने ठिगळ लावून छाती पूर्ववत केली. त्यावर एका वृत्तपत्राने टोमणा मारला, की चित्रकाराने हृदय बसवले खरे, पण जवळून पाहिल्यास ते खोटे निघते. गावात कशावर हसले जात होते आणि त्या हसण्याला केवढी धार होती, हे या एका टोमण्यातून कळते.

५ मार्च १७७० रोजी ब्रिटिश शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या. पाच माणसे मेली. ‘बोस्टनची कत्तल’ म्हणून ही घटना जगभर गाजली ती मुख्यतः एका छापचित्रामुळे, आणि ते चित्र पॉल रिव्हिअरच्या नावावर आहे. मूळ रचना मात्र हेन्री पेलमची, त्या उडत्या खारीच्या चित्रातल्या मुलाची. हेन्रीने विश्वासाने दाखवलेले रेखाटन रिव्हिअरने नकलून आधी बाजारात आणले. भर रस्त्यात लुटावे तसे तू मला लुटलेस, अशा आशयाचे संतप्त पत्र हेन्रीने रिव्हिअरला लिहिले. क्रांतीचे सर्वांत प्रसिद्ध चित्र असे चोरीचे आहे. पुढे हेन्री राजपक्षाला मिळाला.

गोळीबाराच्या दुसऱ्या दिवशी सॅम्युअल ॲडम्स कार्यकारी गव्हर्नरपुढे उभा राहिला आणि फौज गावाबाहेर काढा, अशी मागणी त्याने केली. तो क्षण कॉप्लीने १७७२ च्या सुमारास रंगवला. साधा तपकिरी-लाल पोशाख, एका मुठीत गुंडाळी केलेला कागद, दुसऱ्या हाताचे बोट मॅसॅच्युसेट्सच्या सनदेकडे रोखलेले आणि अंधारातून पुढे आलेला तापलेला चेहरा. हे चित्र जॉन हॅनकॉकने करवून घेतले. हॅनकॉक हा बोस्टनमधला बडा धनिक व्यापारी आणि बीकन टेकडीवर कॉप्लीचा शेजारी. त्याचेही चित्र कॉप्लीने आधीच केलेले होते. बंडखोरांचे यापेक्षा प्रभावी चित्र त्या काळात कोणी काढले नाही, आणि काढणाऱ्याला बंडात रस नव्हता. राजकीय भांडणे ना कलावंताला रुचतात, ना कलेला मानवतात, असे त्याने १७७० मध्ये वेस्टला कळवले होते.

हा अलिप्तपणा तत्त्वाचा होता की गिऱ्हाईक न तोडण्याचा? दोन्हींचा असावा. दुकानदाराच्या मुलाला दोन्ही दारांनी आलेले गिऱ्हाईक सारखेच. पण दिवसाचे सहा तास एखाद्याच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहणाऱ्या माणसाला त्या चेहऱ्याचा शत्रू होणे जडही जात असेल.

शिवाय आता प्रश्न घरात आला होता. १७६९ मध्ये कॉप्लीचे लग्न सुझाना क्लार्कशी झाले. सासरे रिचर्ड क्लार्क हे बोस्टनचे मोठे व्यापारी. त्यांचा माल चहा, आणि पुरवठादार ईस्ट इंडिया कंपनी.

इथे मराठी वाचकाला कथा एकदम ओळखीची वाटू लागेल. १७७० च्या बंगालच्या भीषण दुष्काळानंतर कंपनीचा कारभार डबघाईला आला होता आणि लंडनच्या वखारींत चिनी चहाचे ढीग पडून होते. १७७३ मध्ये संसदेने कंपनीसाठी दोन कायदे केले. एक रेग्युलेटिंग ॲक्ट, ज्याने वॉरन हेस्टिंग्जला गव्हर्नर जनरल केले. दुसरा चहाचा कायदा, ज्याने कंपनीला निवडक अडत्यांमार्फत अमेरिकेत थेट चहा विकण्याची मुभा दिली. चहा स्वस्त होणार होता, पण त्यावरचा संसदेचा कर कायम राहणार होता आणि बाकीचे व्यापारी बाजूला पडणार होते. याच कंपनीच्या मुंबईकरांनी डिसेंबर १७७४ मध्ये मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला घेतला. बोस्टनच्या निवडक अडत्यांत ‘रिचर्ड क्लार्क आणि पुत्र’ ही पेढी होती.

नोव्हेंबर १७७३ मध्ये जमावाने आधी क्लार्क यांच्या वखारीवर आणि मग घरावर हल्ला केला. चहाची पहिली बोट बंदराला लागताच अडते जीव मुठीत धरून बंदरातल्या कॅसल विल्यम या किल्ल्यात जाऊन बसले. ३० नोव्हेंबरला ओल्ड साउथ या प्रार्थनागृहात हजारोंची सभा भरली. चहा एका पैशाचाही कर न भरता परत पाठवा, ही तिची मागणी.

त्या सभेत कॉप्ली उभा राहिला. स्वभावाने तो भिडस्त. भाषणे करणे हा त्याचा प्रांत नव्हे. अडते इथे आले तर त्यांना इजा होणार नाही, असे वचन त्याने सभेकडून मागून घेतले आणि काही तासांच्या मुदतीत तो नावेतून किल्ल्याकडे गेला. बायकोचे वडील आणि भाऊ तिथे होते. त्यांनी गावात यायचे नाकारले. चहा परत पाठवणे आमच्या हाती नाही, फार तर तो उतरवून देखरेखीखाली साठवून ठेवू, एवढीच त्यांची तयारी. मुदत टळून गेल्यावर कॉप्ली हा निरोप घेऊन परतला आणि ज्यांचे चेहरे त्याने रंगवले होते, अशा माणसांसमोर त्याने तो मांडला. सभेने तो असमाधानकारक ठरवला.

१६ डिसेंबरच्या रात्री तीन बोटींवरच्या ३४२ पेट्या फोडून समुद्रात रिकाम्या झाल्या.

त्यानंतरही कॉप्ली बोस्टनमध्येच होता. एप्रिल १७७४ मधल्या एका रात्री त्याच्या दारावर जमाव आला. राजपक्षाचा मानला जाणारा प्लिमथचा कर्नल जॉर्ज वॉटसन आत आहे काय, असे विचारू लागला. वॉटसन येऊन गेला होता, राहिला मात्र नव्हता. जमाव धमक्या देत निघून गेला. काही दिवसांनी कॉप्लीने मेहुण्याला लिहिले: मित्र रात्री थांबला असता तर? त्याला जमावाच्या स्वाधीन करायचे, की घर पाडून घेऊन बायकामुलांचा जीव धोक्यात घालायचा? या पत्रात राजकारणाचा एकही सिद्धांत नाही. एका घरमालकाची भीती आहे आणि त्या भीतीला उत्तर नाही.

जून १७७४ मध्ये तो लंडनच्या बोटीत बसला. सरकारने चहाची शिक्षा म्हणून बोस्टन बंदर नुकतेच बंद केले होते आणि नवा गव्हर्नर म्हणून जनरल गेज येऊन दाखल झाला होता. पळून जातो आहोत असे कॉप्लीला वाटत नव्हते. रेनॉल्ड्सने आठ वर्षांपूर्वी सांगितलेला अभ्यास करायचा, इटली पाहायची आणि परतायचे, असा बेत होता. बीकन टेकडीवर वीस एकरांच्या आसपास जमीन होती, घर होते.

तो इटलीत असताना लेक्झिंग्टनला गोळी सुटली. पार्मामध्ये कोरेज्जोच्या चित्राची नक्कल करत असता बोस्टनच्या बातम्या त्याच्यापर्यंत पोहोचत होत्या. वेढ्यात अडकलेल्या कुटुंबाची काळजी करतानाच त्याने लिहिले, की लोक एकजुटीने राहिले तर ब्रिटनला हा देश जिंकता येणार नाही. पुष्कळ सेनापतींपेक्षा या चित्रकाराचा अंदाज अचूक ठरला. मे १७७५ अखेर सुझाना तीन मुलांना घेऊन निघाली. चौथे तान्हे मूल प्रवास सोसणार नाही इतके अशक्त होते. ते आजीजवळ बोस्टनमध्ये ठेवावे लागले आणि तिथेच वारले. बापाने त्याला कधी पाहिलेच नाही.

लंडनमध्ये सारे एकत्र आल्यावर १७७६-७७ मध्ये कॉप्लीने कुटुंबाचे मोठे चित्र केले. सुझानाने मुलाला कवेत घेतले आहे, एक मुलगी तिला बिलगली आहे, निर्वासित सासरे रिचर्ड क्लार्क मांडीवर लंडनमध्ये जन्मलेली नात घेऊन बसले आहेत. मागे उभा राहून कॉप्ली आपल्याकडे पाहतो आहे. आणि सर्वांच्या पुढे, मधोमध, पांढऱ्या झग्यातली थोरली एलिझाबेथ गंभीर चेहऱ्याने सरळ उभी आहे.

लंडनमधले यश मोठे होते. १७७८ मध्ये हवाना बंदरातल्या शार्कच्या हल्ल्याचे चित्र गाजले. बोटीतल्या माणसांत सर्वांत उंचावर, दोर फेकणारा एक कृष्णवर्णीय खलाशी उभा आहे. त्या काळात अशी जागा अशा माणसाला देणे दुर्मीळ होते. (शार्कच्या तावडीतून वाचलेला मुलगा म्हणजे पुढे लंडनचा महापौर झालेला ब्रुक वॉटसन. प्लिमथचा कर्नल वॉटसन वेगळा. कॉप्लीच्या कथेत वॉटसन फार!) १७७९ मध्ये रॉयल अकादमीचे सदस्यत्व आले. १७८१ मध्ये चॅथमच्या अखेरच्या भाषणाचे चित्र त्याने स्वतंत्र तिकीट लावून मांडले आणि वीसेक हजार लोकांनी ते पाहिले. हे पट भव्य आहेत, नाट्यपूर्ण आहेत. पण बोस्टनच्या त्या सैल बाह्यांच्या कारागिराशेजारी ठेवले, की त्यांतले बरेचसे रंगमंचासारखे वाटतात.

तिसरा वॉटसन तरुण अमेरिकन व्यापारी होता, एल्काना नावाचा. १७८२ मध्ये त्याने कॉप्लीकडून स्वतःचे चित्र करवून घेतले. मागे एक जहाज काढले होते, पण त्यावर ध्वज नव्हता. इंग्लंडच्या राजधानीत बंडखोरांचा ध्वज रंगवणे चित्रकाराला धोक्याचे वाटले. ५ डिसेंबर १७८२ रोजी राजा तिसऱ्या जॉर्जने संसदेत वसाहतींचे स्वातंत्र्य मान्य करणारे भाषण केले. त्याच दिवशी कॉप्लीने एल्कानाला चित्रशाळेत बोलावले, कुंचला घेतला आणि जहाजावर तारे आणि पट्टे रंगवले. इंग्लंडमध्ये फडकलेला हा पहिला अमेरिकन ध्वज, अशी एल्कानाची आठवण आहे.

परतणे मात्र झाले नाही. १७९५ मध्ये त्याच्या टेकडीशेजारी नवे राज्यभवन बांधायचे ठरले आणि जमिनीचा भाव वधारणार हे ओळखलेल्या बोस्टनच्या मंडळींनी कॉप्लीच्या मुखत्याराकडून ती सारी जमीन १८,४५० डॉलरला घेऊन टाकली. फसवले गेल्याचे लक्षात येताच त्याने मुलाला १७९६ मध्ये बोस्टनला पाठवले. व्यवहार काही मोडता आला नाही. अखेरची वर्षे कर्जात आणि ओसरत्या कीर्तीत गेली. ९ सप्टेंबर १८१५ रोजी लंडनमध्ये तो वारला. मुलाने कर्जे फेडली आणि पुढे लॉर्ड लिंडहर्स्ट या नावाने तो इंग्लंडचा लॉर्ड चान्सलर झाला.

थोरली एलिझाबेथ १८०० मध्ये बोस्टनच्या एका व्यापाऱ्याशी लग्न करून जन्मगावी परतली होती. लॉर्ड लिंडहर्स्टच्या मृत्यूनंतर १८६४ मध्ये लंडनमध्ये त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला, तेव्हा ते कुटुंबाचे चित्र एलिझाबेथच्या मुलीच्या घराने विकत घेतले आणि बोस्टनला आणले. पांढऱ्या झग्यातली ती मुलगी तेव्हा हयात होती. तिचे वय त्र्याण्णव वर्षांचे होते.